लाखेपासून प्लॅस्टिकपर्यंत

आजच्या युगाला कोणी अणुयुग म्हणतात, कोणी संगणकयुग म्हणतात. परंतु सकाळी दात घासण्याच्या ब्रशापासून रात्री दिवा मालविण्याच्या बटणापर्यंत आपला हात दिवसभर ज्या पदार्थावर पडतो, त्याच्या नावानेच युगाला ओळखावयाचे ठरविले, तर हे प्लॅस्टिकयुग होय असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या उद्योगाचा विचार करू लागलो की आपली दृष्टी साहजिकच अमेरिका, जर्मनी किंवा चीनकडे वळते. प्रस्तुत लेखाची सुरुवात मात्र मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या पळसबनापासून केली आहे, आणि त्याला कारण आहे. पहिले संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक ज्या पदार्थाला पर्याय शोधताना हाती लागले, तो पदार्थ म्हणजे लाख. वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट, त्याच्या शेजारचे सिवनी आणि मंडला हे जिल्हे लाखेचा जुना प्रदेश म्हणून ओळखले जातात. हा भाग एके काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता, आणि वारासिवनी-लांजीकडे आजही मराठी कानावर पडते.

पळसावरचे पीक

लाख म्हणजे झाडाचा डिंक, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. लाखेचा कीटक अत्यंत लहान असतो. तो पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसती करून रस शोषतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी अंगाभोवती राळेसारखा पदार्थ स्रवतो. असंख्य कीटकांच्या या कवचांनी फांदी मढून निघते. ती तोडून, खरवडून जी मिळते ती कच्ची लाख. ती दळून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे केले की चपडा लाख तयार होते. आपल्या कन्नड विभागातील मित्र ज्याला ‘मुत्तुग’ म्हणतात तोच हा पळस. आणि चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर जी चकाकी दिसते ती याच लाखेची.

पळसावर वर्षातून दोन पिके येतात, एक बैसाखी आणि दुसरे कतकी. जंगलात राहणाऱ्या आदिवासी व शेतकरी कुटुंबांना हातात रोख पैसा देणारे हे पीक. मात्र ते हवामानाच्या हाती असते. उन्हाळा फार कडक झाला किंवा पाऊस अवेळी आला की कीटक मरतो आणि पुढच्या पिकाला बेणेही उरत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व कथेचे बीज तिच्यात आहे.

बेकलंड आणि बेकेलाइट

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत वीज घरोघरी जाऊ लागली. तारा, गुंडाळ्या आणि बटणे यांना विद्युतरोधक पदार्थ हवा होता. लाख या कामाला उत्तम. शिवाय ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच बनत. मागणी वाढली, पण कीटक काही मागणी पाहून वाढत नाही. भाव चढले, आणि कृत्रिम लाख तयार करणाऱ्यास मोठी संधी निर्माण झाली.

मूळचे बेल्जियमचे व अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांची उष्णता व दाबाखाली नियंत्रित अभिक्रिया घडवून बेकेलाइट तयार केले. फिनॉल हे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळे, म्हणजे जवळजवळ टाकाऊ मालातून. १९०९ साली त्यांना पेटंट मिळाले.

लाखेची दुसरी मोठी गिऱ्हाईक म्हणजे तबकडी. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आयात अडचणीत आली तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. युद्धानंतर १९४८ साली व्हिनाइल प्लॅस्टिकची दीर्घवादन तबकडी बाजारात आली आणि तो बाजारही हळूहळू गेला.

येथे एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. लाख वाईट होती म्हणून हरली नाही. झाड वर्षातून दोनदा पीक देते. कारखाना रोज माल देतो, आणि तो दर वेळी एकसारखा देतो. व्यापारात गुणापेक्षा पुरवठ्याची खात्री आणि भाव यांना किती वजन असते, याचे हे उदाहरण आहे.

दोन कुळे

विद्यार्थ्यांनी प्लॅस्टिकची दोन कुळे ओळखावीत. मडके एकदा भाजले की त्याचा पुन्हा चिखल होत नाही. मेण मात्र कितीही वेळा वितळते. बेकेलाइट हे मडक्याच्या जातीचे, म्हणजे उष्णतादृढ प्लॅस्टिक. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिन, पी. व्ही. सी. आणि बाटल्यांचे पेट ही मेणाच्या जातीची, म्हणजे उष्णतामृदू प्लॅस्टिके. जगातील बहुतांश उत्पादन या दुसऱ्या कुळाचे आहे. दाणे तापवावे, साच्यात दाबावे, थंड करावे आणि वस्तू बाहेर काढावी, इतके हे काम सोपे व वेगवान झाले आहे.

पॉलिथिनचा शोध इंग्लंडमधील आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली, दुसऱ्याच एका प्रयोगातून लागला. त्यासाठी प्रचंड दाब लागत असे. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी असे उत्प्रेरक शोधले की साध्या दाबाखालीही हे काम होऊ लागले. लगेच पुढच्या वर्षी इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी त्याच मार्गाने पॉलिप्रोपिलिन बनविले. दोघांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कच्चा माल आणि बाजार

१९५० साली जगात सुमारे २० लाख टन प्लॅस्टिक तयार होत होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अहवालानुसार २०१९ साली जगाचा वापर ४६ कोटी टनांवर पोहोचला. यातला सुमारे एक तृतीयांश माल वेष्टनांसाठी, म्हणजे बहुधा एकदा वापरून टाकण्यासाठी जातो.

ही वाढ समजून घ्यावयाची तर कच्च्या मालाकडे पाहावे. युरोप आणि आशियात तेलशुद्धीकरणातून मिळणारा नाफ्था तापवून, त्याचे रेणू फोडून इथिलिन काढतात. अमेरिकेत खडकांतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूमुळे इथेन स्वस्त झाला. चीनने याखेरीज दगडी कोळशापासूनही प्लॅस्टिक बनविण्याचे कारखाने उभारले. जगातील उत्पादनाचा सुमारे एक तृतीयांश वाटा आज चीनचा आहे. गेल्या काही वर्षांत तेथे कारखाने इतके वाढले की मालाचे भाव पडले आणि युरोपात जुने कारखाने बंद होऊ लागले. शंभर वर्षांपूर्वी लाखेवर जी पाळी आली, ती आता प्लॅस्टिकच्या जुन्या कारखान्यांवर आली आहे, असे म्हणावे लागते.

भारतात ट्रॉम्बे, ठाणे आणि बडोदा ही या उद्योगाची आरंभीची केंद्रे. पुढे महाराष्ट्रात नागोठणे येथे बॉम्बे हायच्या वायूवर मोठा प्रकल्प उभा राहिला. मध्य प्रदेशातील बीना येथे १४ सप्टेंबर २०२३ रोजी सुमारे ४९ हजार कोटी रुपयांच्या पेट्रोरसायन संकुलाची पायाभरणी झाली. तेथे वर्षाला सुमारे १२ लाख टन इथिलिन व प्रोपिलिन काढण्याची योजना आहे. आपल्या देशात दरडोई वापर जगाच्या सरासरीहून बराच कमी असल्याने येथील मागणी पुष्कळ वाढणार, असा उद्योगपतींचा हिशेब आहे.

किमतीत न धरलेला खर्च

प्लॅस्टिक स्वस्त आहे, हे खरे. पण त्याच्या किमतीत एक खर्च धरलेलाच नाही. वस्तू वापरून झाल्यावर तिचे काय करावयाचे, तो हा खर्च. वरील अहवालाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ३५ कोटी टन प्लॅस्टिक कचरा झाला आणि त्यातील केवळ ९ टक्के पुन्हा वापरात आला. उरलेला जमिनीत पुरला गेला, जाळला गेला किंवा नद्यानाल्यांत गेला. हा खर्च कारखानदार देत नाही, गिऱ्हाईकही देत नाही. नगरपालिका, कचरा वेचणाऱ्या बाया आणि चरणारी जनावरे तो देतात.

काही काळ श्रीमंत देशांनी आपला कचरा चीनकडे पाठविला. जानेवारी २०१८ पासून चीनने ही आयात थांबविली आणि प्रश्न ज्याचा त्याच्या दारात परत गेला. मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे राष्ट्रांनी एक जागतिक करार करण्याचे ठरविले. पण उत्पादनालाच मर्यादा घालावी की केवळ कचऱ्याची व्यवस्था लावावी, या वादात ऑगस्ट २०२५ मधील जिनीव्हाची बैठकही निर्णयाविना संपली.

भारताने १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, कांड्या अशा एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर बंदी घातली. पिशव्यांची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरली. वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकावरच ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकण्यात आली. या नियमांमागील तत्त्व एकच : किमतीत न धरलेला खर्च किमतीत आणणे.

नव्या तंत्राची दिशा

तंत्रज्ञानाचे प्रवाहही याच दिशेने वाहत आहेत. पहिला, पुनर्निर्मितीचा. एकाच जातीचे स्वच्छ प्लॅस्टिक वितळवून पुन्हा दाणे करणे सोपे आहे. परंतु चिवड्याच्या पाकिटात प्लॅस्टिक व धातू यांचे अनेक थर एकमेकांस चिकटलेले असतात. ते वेगळे करणे जवळजवळ अशक्य. म्हणून एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे पाकीट बनविण्याचे प्रयत्न चालू आहेत. अशा कचऱ्याला हवेवाचून तापवून त्याचे तेल करण्याची पद्धतीही आहे. मात्र तिला इंधन व खर्च पुष्कळ लागतो. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक डांबरी रस्त्यात मिसळण्याची रीत विकसित केली. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून निघालेले हे काम आहे, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

दुसरा प्रवाह वनस्पतिजन्य प्लॅस्टिकचा. मका किंवा उसाच्या साखरेपासून पॉलिलॅक्टिक आम्ल बनविता येते. पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ साली जेजुरी येथे त्याचे प्रायोगिक केंद्र सुरू केले. पण ‘विघटनशील’ हा शब्द वाचून फसू नये. हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश उष्णतेच्या खतकारखान्यात कुजते. गावच्या नाल्यात ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते.

पळसबनाकडे परत

मग लाखेचे दिवस पुन्हा येतील काय? भाबड्या आशेला येथे जागा नाही. जगाला प्लॅस्टिक लागते कोट्यवधी टन. देशाचे लाखेचे उत्पन्न काही हजार टनांत मोजले जाते. लाख प्लॅस्टिकची जागा घेऊ शकणार नाही. परंतु औषधी गोळ्यांवरील लेप, फळांवरील व मिठायांवरील चकाकी, उंची लाकडी सामानाचे पॉलिश अशा ठिकाणी, जेथे पदार्थ पोटात जातो किंवा हाताळला जातो, तेथे लाखेला आजही मान आहे. त्याचप्रमाणे ताटल्यांवरील बंदीमुळे पळस व माहुलाच्या पानांच्या पत्रावळींना बाजार मिळू शकतो.

प्रश्न आहे तो हा की, त्या बाजारातला किती पैसा फांदी तोडणाऱ्याच्या हाती पडतो? २०१३-१४ पासून गौण वनोपजांच्या आधारभूत किमतीच्या योजनेत लाख आहे. पण आधारभाव म्हणजे तळ, माथा नव्हे. कच्ची लाख गावाबाहेर गेली की तिची धुलाई, गाळणी आणि प्रतवारी यांतून वाढणारे मोल दुसऱ्याचे होते. शंभर वर्षांपूर्वी बालाघाटचा लाख-उत्पादक आपला माल कोठे जातो, कशासाठी जातो, त्याची जागा घेण्याचा प्रयत्न कोण करीत आहे, हे जाणत नव्हता. त्यामुळे परदेशातील एका प्रयोगशाळेत काय घडले ते त्याला केवळ पडलेल्या भावावरून कळले.

ते आधी कळण्याचे साधन म्हणजे शिक्षण. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने लाखेचा रेणू आणि बेकेलाइटचा रेणू शेजारी ठेवून पाहावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पत्रावळीच्या किमतीचे तुकडे करून कोणाच्या वाट्याला काय येते ते मांडावे. हे काम कोणाही महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे. पळस दरवर्षी फुलतोच. त्याच्या फांदीवरील पीक काढणाऱ्यापर्यंत बाजाराची बातमी वेळेवर पोहोचविणे हे आपले काम आहे.