अर्का सोमा : पांढऱ्या वाईनचे द्राक्ष

बेळगाव जिल्ह्यात निपाणीचा परिसर तंबाखूसाठी ओळखला जातो, तर अथणी तालुक्यात द्राक्षाचे मांडव दिसतात. नव्या नगदी पिकाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने खाण्याचे द्राक्ष व वाईनचे द्राक्ष यांतील भेद प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने ‘अर्का सोमा’ हे वाण अभ्यासण्याजोगे होय. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अनाब-ए-शाही’ व ‘क्वीन ऑफ द व्हिनयार्ड्स’ यांच्या संकरातून ते निर्माण केले. पहिले वाण हैदराबाद परिसरात रुजलेले, तर दुसरे हंगेरीतील व मस्कत सुगंधाचे. अर्का सोमाचे मणी हिरवट पिवळे, गरयुक्त व बियांचे असून त्यांनाही हा सुगंध लाभला आहे.

पक्व मण्यांच्या रसात विद्राव्य घटकांचे प्रमाण 20 ते 21 टक्के असते व त्यात मुख्यत्वे साखर असते. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर आंबली म्हणजे 1 टक्का मद्यार्क तयार होतो. या हिशेबाने वाईनमध्ये 11 ते 12 टक्के मद्यार्क उतरतो. पांढऱ्या वाईनसाठी रस काढताच साल व बिया वेगळ्या करतात आणि तो थंड तापमानात आंबवितात. उष्णता वाढल्यास सुगंध उडून जातो.

द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात. फळछाटणीनंतर पाऊस लांबल्यास केवडा रोगाचे भय असते. म्हणून खानापूरकडील अतिपर्जन्याच्या पट्ट्यापेक्षा अथणीकडील कोरडे हवामान द्राक्षास अधिक मानवते. निपाणी परिसरात आपल्या गावचे पाऊसमान पाहूनच निर्णय घ्यावा.

खरा प्रश्न विक्रीचा आहे. बिनबियांच्या थॉमसन द्राक्षाचा भाव पडला, तर त्याचा बेदाणा करता येतो. सांगली-तासगावची बाजारपेठही जवळ आहे. बियांच्या वाईन-द्राक्षाला ती वाट नाही. वाईन कारखान्याने माल नाकारला, तर वर्षाचे श्रम वाया जातात. यास्तव दर, साखरेचे प्रमाण व तोडणीची वेळ यांविषयी लागवडीपूर्वीच लेखी करार करावा.

भावासाठी 1981 साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना रस्त्यावर उतरावे लागले होते. भाव ठरविणे केवळ खरेदीदाराच्या हाती राहिले म्हणजे काय होते, हे या भूमीला निराळे सांगावयास नको. रोप लावण्यापूर्वी ग्राहक निश्चित करावा, हाच या पिकाचा पहिला धडा होय.