दारू नव्हे, डोक्याचा मार : माजी सैनिक, पोलीस आणि घरच्यांची तयारी

समजा, रात्रीचे अकरा वाजले आहेत. फौजेतून पेन्शनीवर आलेले आणि आता सिक्युरिटीची नोकरी करणारे एक गृहस्थ ड्युटी संपवून घरी चालले आहेत. पाय जरा अडखळतात. नाक्यावर पोलिसांची गाडी थांबते. डोळ्यांवर टॉर्च येतो. "ए, इकडे ये. किती घेतलीस?" गृहस्थ नुसते बघत राहतात. शिपाई मागून दंड धरतो, तसे ते जोरात हात झिडकारतात. पुढे काय होते ते वस्तीत कोणाला सांगायला नको.

या माणसाने थेंबभरही घेतलेली नाही. नोकरीत असताना गाडी उलटून त्याच्या डोक्याला मार लागला होता, एवढेच. प्रसंग आम्ही कल्पून लिहिला आहे, पण त्यातले प्रत्येक लक्षण खरे आहे.

बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेत होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो आहे. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे.

मार लागल्यावर मेंदूत काय होते?

डोके जोरात आपटले, किंवा जवळ स्फोट होऊन हवेचा जबर धक्का बसला, की कवटीच्या आत मेंदू हादरतो. बाहेर जखम दिसेलच असे नाही. सौम्य मार असेल तर सीटी स्कॅनही स्वच्छ येऊ शकतो. बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात. काहींचा त्रास मात्र वर्षानुवर्षे राहतो.

कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्या रागाला आणि घाईला ब्रेक लावतो. तो दुखावला की माणूस पटकन भडकतो. ऐकलेले समजायला वेळ लागतो, नाव-पत्ता ऐनवेळी आठवत नाही. तोल जातो, जीभ जड होते, मोठा आवाज आणि लख्ख उजेड सहन होत नाही. काहींना फिट येते.

पोलिसांना काय दिसते आणि खरे काय असते?

- झोकांडी जाते, बोलणे अडखळते. पोलिसांना दारू वाटते. खरे तर तोल आणि जीभ यांवरचा ताबा कमी झालेला असतो.
- विचारले तरी उत्तर नाही. पोलिसांना मुजोरी वाटते. खरे तर प्रश्न डोक्यात शिरायलाच वेळ लागतो. तिघे एकदम ओरडले तर एकही शब्द पोचत नाही. स्फोटाजवळ राहिलेल्यांना ऐकूही कमी येते.
- आधी एक सांगितले, मग दुसरेच. पोलिसांना खोटे वाटते. खरे तर विसर पडलेला असतो.
- धरले की झटापट करतो. पोलिसांना हल्ला वाटतो. फिट येऊन गेल्यावर माणूस काही वेळ गोंधळलेला असतो आणि त्याला दाबून धरले की नकळत प्रतिकार करतो. ज्याने लढाई पाहिली आहे तो मागून कोणी धरले तर दचकतोच.

अमेरिका काय शिकली?

या प्रश्नावर सर्वांत जास्त काम अमेरिकेत झाले आहे. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत रस्त्यात पेरलेल्या बॉम्बमुळे डोक्याला मार लागलेले सैनिक मोठ्या संख्येने परतले. सन २००० पासून तिथल्या सैन्यात असे ४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतले बहुतेक सौम्य माराचे होते. पुष्कळांना तर लढाईत नव्हे, सरावात, गाडीच्या अपघातात किंवा पडून मार लागला होता. आपल्या जवानांनाही तो तसाच लागू शकतो.

मेम्फिस शहरात १९८७ साली मानसिक आजार असलेला एक तरुण हातात चाकू घेऊन स्वतःला इजा करत होता. तो पोलिसांच्या गोळीने मेला. तो सैनिक नव्हता, पण त्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये तिथे पोलिसांना ४० तासांचे खास प्रशिक्षण सुरू झाले. अंतर ठेवा, आवाज खाली आणा, एकानेच बोला, उत्तराला वेळ द्या आणि लॉकअपऐवजी दवाखान्यात न्या, हा त्याचा गाभा. ही पद्धत पुढे अनेक शहरांनी घेतली. २००८ मध्ये बफेलो शहरात माजी सैनिकांसाठी वेगळे न्यायालय सुरू झाले. तिथे नुसत्या शिक्षेऐवजी उपचार नेमून देतात आणि सोबतीला एक जुना सैनिक देतात.

आपल्या नाक्यावरच्या शिपायाला असे प्रशिक्षण मिळालेले असेलच असे धरून चालू नका. तयारी आपल्यालाच करायची आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १०० लक्षात ठेवा. मानसिक आजारामुळे कोणी स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल आणि भटकत असेल, किंवा त्याच्यापासून त्याला वा दुसऱ्याला धोका असेल, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचे आहे. लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे आहे. अशा संरक्षणात घेतलेल्या माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. माराने स्मरण, भान किंवा वागणे फार बिघडले असेल, तर डॉक्टरांकडून तसे लेखी घेऊन ठेवा. या कलमाचा आधार मागायला तो कागद लागेल.

गुन्ह्यात अटक झालीच, तर कारण सांगणे, घरच्यांना कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, दिव्यांगाला, महिलेला आणि कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

घरच्यांनी आज काय करावे?

१. कार्ड बनवा. मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा : "मी माजी सैनिक आहे. माझ्या डोक्याला जुना मार आहे. मला बोलायला आणि समजायला वेळ लागतो. मी दारू प्यायलेलो नाही असेही असू शकते, कृपया तपासा. घरी फोन करा." खाली दोन नंबर आणि औषधांची नावे. कार्ड गळ्यात दिसेल असे ठेवा. खिशात असेल तर आधी सांगावे, मगच हात घालावा.

२. फाईल तयार ठेवा. डिस्चार्ज बुक, दवाखान्याचे कागद, डॉक्टरांचे पत्र, सगळ्यांच्या झेरॉक्स. उपचारासाठी ईसीएचएस आणि कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

३. शांत दिवशी बीट अंमलदाराला भेटा. सोबत वस्तीतले एक जाणते माणूस न्या. ओळख आधी झाली तर रात्रीचा गैरसमज टळू शकतो.

४. घरात भडका उडाला तर टीव्ही बंद करा, मुलांना बाहेर न्या, दार मोकळे ठेवा. वाद घालू नका. हत्यार नसेल तर आधी १०८ ला फोन करा. ११२ ला करावाच लागला तर पहिल्या वाक्यातच सांगा : "डोक्याला मार लागलेला पेशंट आहे, माजी सैनिक आहेत." हातात काही असेल तर तेही खरे सांगा.

५. पोलीस आले की गर्दी करू नका. एकानेच बोला : "साहेब, यांच्या डोक्याला मार आहे. एका वेळी एकच सांगा, हळू सांगा. टॉर्च खाली घ्या. दारूची शंका असेल तर मशीनने तपासा."

६. दारू खरोखर चालू असेल तर लपवू नका, सोडवायला मदत घ्या. दुखावलेल्या मेंदूला थोडी दारूही जास्त चढते आणि फिट येण्याचा धोका वाढतो. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेलिमानस नंबरवर मराठीत, मोफत बोलता येते.

ही एक गोष्ट विसरू नका

झटापटीत पुन्हा डोके आपटले असेल आणि माणूस कोठडीत गुंगीत पडला असेल, तर "प्यालाय, झोपू दे" हे ऐकून परत फिरू नका. डोक्यात रक्तस्राव झाला तरी माणूस तसाच दिसतो. उलटी, वाढती डोकेदुखी, उठवून न उठणे, एक बाहुली मोठी होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांतले एक जरी दिसले तरी ताबडतोब सरकारी दवाखान्यात नेण्याची मागणी करा. ती लेखी द्या, वेळ टाका आणि प्रतीवर पोच घ्या. यात सकाळची वाट पाहायची नसते.

हे सारे फक्त फौजींसाठी नाही. परातीवरून पडलेला बिगारी, हेल्मेट न घालता गाडीवरून पडलेला पोरगा, यांनाही हाच मार असतो. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा हे पान वाचून दाखवा आणि ज्यांना गरज आहे त्यांचे कार्ड तिथेच बसून लिहून द्या. वही-पेन आणि अर्धा तास, एवढेच लागते.

जय भीम!