योहान हें नांव

मुलाचें नांव योहान ठेवावें कीं जॉन, असा प्रश्न बाप्तिस्म्याच्या वेळीं कधीं कधीं निघतो. जॉन हें खरें नांव व योहान हा त्याचा देशी अपभ्रंश, असें कित्येकांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. म्हणून आपण ह्या नांवाचें मूळ पाहूं.

नांव मूळचें इब्री, योहानान. 'यो' हें परमेश्वराच्या नांवाचें संक्षिप्त रूप, व 'हानान' म्हणजे त्यानें कृपा केली. यिर्मयाच्या पुस्तकांत कारेहाचा पुत्र योहानान आढळतो. म्हणजे ख्रिस्तजन्मापूर्वीं सुमारें ६०० वर्षेंहि हें नांव यहूदी लोकांत चालत होतें.

लूकाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून पाहा. शेजारी व नातलग मुलास बापाचें जखऱ्या हेंच नांव देऊं लागले. आईनें योहान हें नांव सांगितलें, तेव्हां 'तुमच्या कुळांत हें नांव कोणाचें आहे?' अशा अर्थाची हरकत त्यांनीं घेतली. मुक्या झालेल्या बापानें पाटी मागवून तेंच नांव लिहिलें. उतारवयांत मूल लाभलेल्या त्या आईबापांस नांवाचा अर्थ किती लागू पडतो!

पुढें तें ग्रीक भाषेंत योआन्नेस व लॅटिनांत योहान्नेस झालें. तेथून प्रत्येक देशानें तें आपल्या जिभेवर घडविलें: जर्मन योहान व हान्स, फ्रेंच झाँ, स्पॅनिश हुआन, इटालियन जोव्हान्नी, रशियन इव्हान, आयरिश शॉन. अरब ख्रिस्ती युहन्ना म्हणतात. कुराणांत ह्याच पुरुषास याह्या म्हटलें आहे. गोव्यांत २४ जूनला सांजांवाचा सण होतो, त्यांतील 'जांव' हें पोर्तुगीज वळणाचें योहानच. इंग्रजी जॉन ह्या भावंडांपैकीं एक. त्याच्या उच्चारांतून मधला हकार गळाला, आमच्या योहानांत तो राहिला आहे.

तेव्हां योहान म्हणवून घेण्यांत कमीपणा नाहीं. परकें नांव घेतलेंच पाहिजे असेंहि नाहीं; नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तरी ते नारायणच राहिले.

उपदेशकांस आमची एक सूचना आहे. मंडळीच्या वहींत योहान, शाळेच्या दाखल्यांत जॉन व सातबाऱ्यावर तिसरेंच, असें झाल्यास तो एकच मनुष्य आहे हें सिद्ध करितां करितां पुढें घरच्यांचे हाल होतात. जें रूप पसंत असेल तें सर्वत्र एकच लिहवावें. आणि मूल कळतें झालें म्हणजे त्यास त्याच्या नांवाचा अर्थ अवश्य सांगावा.