ओळखीची चिठ्ठी

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी मुरगूड वसलेले आहे. भोवती उसाचे मळे आहेत आणि आसपासच्या खेड्यांतून घरोघरी गाय किंवा म्हैस आहे. या भागात दूध संस्थेच्या दारात पहाटेच रांग लागते. प्रत्येकाचे दूध मोजले जाते, त्यातील फॅट पाहिले जाते आणि सभासदाच्या क्रमांकापुढे त्याची नोंद होते. दहा दिवसांचा हिशेब होतो तो या क्रमांकाच्या आधारावर. एखाद्या दिवशी नवा लेखनिक आला, तरी काम अडत नाही. तो सभासदाला चेहऱ्याने ओळखत नसला, तरी पुस्तकावरील क्रमांक पाहून त्याला जुन्या नोंदी ताबडतोब सापडतात. क्रमांकाचे पुस्तक ही सभासदाची ओळख होय.

संगणकाच्या जगातही असेच एक पुस्तक आहे. ते इतके लहान आहे की, त्याला पुस्तक म्हणण्यापेक्षा चिठ्ठी म्हणणेच शोभेल. या चिठ्ठीचे नाव ‘कुकी’.

इंटरनेटवर पाने पाहण्याची जी सोय आज सर्वत्र झाली आहे, तिचा आराखडा टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने १९८९ साली मांडला. तो त्या वेळी जिनिव्हा शहराजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत काम करीत होता. त्याने योजलेली रीत अगदी साधी होती. वाचकाच्या संगणकावरील ब्राउझर एखादे पान मागतो. दूरचा संगणक ते पान पाठवतो. आणि तेथेच तो व्यवहार संपतो. दुसऱ्या क्षणी त्याच वाचकाने दुसरे पान मागितले, तर दूरच्या संगणकाला तो वाचक सर्वस्वी नवखा वाटतो. आताच हा येऊन गेला, याची त्याला आठवण नसते. केवळ लेख वाचावयाचे होते, तोवर या विसराळूपणाने कोणाचे काही बिघडले नाही. परंतु इंटरनेटवर दुकाने निघू लागली, तेव्हा मोठी अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकाने एका पानावर एक वस्तू निवडावी, दुसऱ्या पानावर दुसरी निवडावी आणि पैसे देण्याच्या वेळी टोपली रिकामी निघावी, असे होऊन कसे चालेल?

या अडचणीवर १९९४ साली उपाय निघाला. अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत लू मॉंटुली नावाचा अभियंता होता. गिऱ्हाइकांच्या अर्धवट खरेदीच्या नोंदी आपल्या यंत्रावर साठवण्याची दुकानदाराची इच्छा नव्हती. तेव्हा मॉंटुलीने अशी युक्ती काढली की, दूरच्या संगणकाने पान पाठवताना सोबत एक लहानशी चिठ्ठी द्यावी. ब्राउझरने ती जपून ठेवावी. आणि पुन्हा त्याच संकेतस्थळाकडे जाताना ती दाखवावी. अशी न बदलता परत करावयाची खूण संगणकाच्या कार्यक्रमकारांना पूर्वीपासून ठाऊक होती. तिला ते ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यावरून या चिठ्ठीला कुकी हे नाव पडले. खाण्याच्या कुकीशी तिचा नावापुरताच संबंध आहे.

कुकीमध्ये असते तरी काय? तिच्यात एक नाव असते, त्यापुढे काही अक्षरे किंवा अंक असतात, ती कोणत्या संकेतस्थळाची आहे याची खूण असते आणि पुष्कळदा तिची मुदतही लिहिलेली असते. एका कुकीत साधारणतः ४०९६ बाइटपर्यंतच मजकूर मावतो. म्हणजे इंग्रजीची चार हजारांच्या आसपास अक्षरे. ती स्वतः काही करू शकत नाही. चिठ्ठी जशी चालत नाही वा बोलत नाही, तशीच कुकीही संगणकातील फायली उघडत नाही की रोग पसरवीत नाही. शिवाय ज्याने ती दिली, त्यालाच ब्राउझर ती परत दाखवतो. एका संकेतस्थळाची चिठ्ठी दुसऱ्यास वाचता येत नाही.

मुदतीवरून कुकीचे दोन प्रकार पडतात. काही कुकी ब्राउझर बंद करताच नाहीशा व्हाव्यात अशा बेताने दिलेल्या असतात. त्या तात्पुरत्या होत. दुसऱ्या आठवडे किंवा महिने टिकून राहतात. एखाद्या संकेतस्थळावर मराठी भाषा निवडली आणि पुढच्या खेपेस ते आपण होऊन मराठीत उघडले, तर ते बहुधा टिकाऊ कुकीचेच काम असते.

येथपर्यंत कुकी ही केवळ सोय आहे. परंतु तिची दुसरी एक जात आहे, आणि ती समजून घेणे अगत्याचे आहे. आठवड्याच्या बाजाराची कल्पना करावी. एक मुलगा वह्यांच्या दुकानात जातो, मग चपलांच्या, मग औषधांच्या. प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकाच पेढीचा एकेक माणूस बसलेला आहे. मुलगा त्याच्याशी बोलत नाही, त्याच्याकडून काही घेतही नाही. तरीही तो माणूस पहिल्याच दुकानात मुलाच्या खिशात आपला क्रमांक टाकतो आणि पुढच्या प्रत्येक दुकानात तो पाहून नोंद करतो. प्रत्येक दुकानदाराला आपल्यापुरतेच ठाऊक असते. परंतु सायंकाळी सारे दुकानदार मिळून जाणणार नाहीत, एवढे त्या एका पेढीला कळलेले असते. मुलाने वह्या किती घेतल्या, घरात कोणाला कसले औषध लागते, हे सारे तिच्या वहीत उतरते.

संकेतस्थळांच्या पानांवर जाहिरातीचे तुकडे असतात. ते पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून आलेले असतात, आणि येताना स्वतःची कुकी घेऊन येतात. हिला ‘तृतीय पक्षाची कुकी’ म्हणतात. संकेतस्थळ हा पहिला पक्ष असे मानले, तर वाचक दुसरा आणि हा आगंतुक तिसरा. शेकडो संकेतस्थळांवर एकाच कंपनीचे तुकडे असल्यास माणसाच्या आवडीनिवडींचे, अडचणींचे आणि सवयींचे चित्र तिच्यापाशी तयार होते. १९९६ साली वृत्तपत्रांत ही हकीकत छापून आली, तेव्हा कोठे सामान्य लोकांना या चिठ्ठ्यांचा पत्ता लागला. तोवर त्या मुकाट्याने दिल्या आणि घेतल्या जात होत्या.

यानंतर कायदे होऊ लागले. युरोपात २००२ साली यासंबंधी निर्देश निघाला, २००९ साली तो अधिक कडक झाला आणि अत्यावश्यक नसलेल्या कुकीसाठी वाचकाची संमती घेणे भाग पडले. अनेक संकेतस्थळे उघडताच ‘सर्व स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी जी पाटी समोर येते, तिचे मूळ येथे आहे. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम २०२५ साली प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. अठरा वर्षांखालील प्रत्येकास हा कायदा बालक मानतो. काही अपवाद सोडले, तर बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती योजण्यास त्यात मनाई आहे. संमती मागणारी सूचना मराठीसारख्या भारतीय भाषांतही वाचावयास मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे.

तथापि कायदा कितीही चांगला असला, तरी घराच्या दाराला कडी घरच्यांनीच लावावी लागते. विशेषतः जेथे एक संगणक अनेकजण वापरतात, तेथे हे फार महत्त्वाचे ठरते. कोल्हापूर जिल्ह्याला असा संगणक नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावांसाठी एक मोठी योजना सुरू झाली. ऊसकरी शेतकऱ्यांना गावातच संगणकावर आपल्या उसासंबंधीची माहिती मिळावी, हा तिचा एक हेतू होता. एका संगणकासमोर दिवसभरात किती निरनिराळी माणसे येऊन जात असतील, याची कल्पना यावरून करता येईल. आज तालुक्याच्या गावी सेवाकेंद्रात दाखल्यांसाठी आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी अशीच माणसे येतात.

समजा, मुरगूडच्या बाजारपेठेतील एका केंद्रात एक वृद्ध शेतकरी नातीला घेऊन आला आहे. त्याने आपल्या खात्याचा पासवर्ड घालून काम उरकले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि तो उठला. पडद्यावरील पान बंद झाले, म्हणजे खातेही बंद झाले, असे त्याला वाटते. नात मात्र म्हणते, “आजोबा, जरा थांबा. खातं अजून उघडंच आहे.” तिचे म्हणणे खरे आहे. पासवर्ड एकदा बरोबर ठरला की संकेतस्थळ ओळखीची कुकी देते, आणि पुढे पासवर्डाऐवजी तीच दाखवली जाते. ती त्या संगणकात राहिली, तर पुढच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला पासवर्ड न विचारताच आजोबांचे खाते उघडते. म्हणून ‘लॉगआउट’ या बटणाने रीतसर बाहेर पडणे अवश्य आहे. बाहेर पडताच सामान्यतः ती चिठ्ठी रद्द होते.

कुकींची व्यवस्था ठेवणे अवघड नाही. प्रत्येक ब्राउझरमध्ये ‘सेटिंग्ज’ नावाचा विभाग असतो आणि त्यात खासगीपणा व सुरक्षा यांचे पान असते. तेथे मुख्यतः तीन गोष्टी करता येतात. पहिली, तृतीय पक्षाच्या कुकी अडवणे. दुसरी, साठलेल्या कुकी पुसून टाकणे. मग त्या एका तासातील असोत, एका आठवड्यातील असोत किंवा आरंभापासूनच्या असोत. तिसरी, एखाद्या विश्वासाच्या संकेतस्थळापुरता अपवाद करणे. सफारी या ब्राउझरने २०२० सालापासून तृतीय पक्षाच्या कुकी आपण होऊन अडवल्या. फायरफॉक्सने २०१९ सालीच माग काढणाऱ्या ज्ञात कुकींना मज्जाव केला. क्रोम त्या बंद करील, अशी घोषणा गूगलने २०२० साली केली होती. परंतु २०२४ साली तो बेत सोडून देण्यात आला. म्हणून क्रोम वापरणाऱ्याने स्वतः सेटिंग्ज पाहणे इष्ट होय.

सगळ्याच कुकी अडवाव्यात काय? तसे केल्यास खाते उघडत नाही, खरेदीची टोपली टिकत नाही आणि भाषेची निवड पुनःपुन्हा करावी लागते. सगळ्या कुकी पुसल्या, तर प्रत्येक ठिकाणी पासवर्ड नव्याने घालावा लागतो. म्हणून तो ठाऊक असल्याची खात्री आधी करून घ्यावी. हेही ध्यानात ठेवावे की, खिशातील चिठ्ठी फाडली म्हणजे पेढीच्या वहीतील जुनी नोंद पुसली जात नाही. पुढची ओळख मात्र अवघड होते. खासगी खिडकी उघडून काम केले, तर ती बंद करताच त्या वेळच्या कुकी जातात. परंतु भेट दिलेल्या संकेतस्थळाला किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याला काहीच दिसले नाही, असा तिचा अर्थ नव्हे.

तेव्हा मार्ग मधला आहे. ज्या संकेतस्थळाकडे आपण होऊन जावे, त्याची चिठ्ठी कामापुरती ठेवावी. आगंतुकाची चिठ्ठी घेऊ नये. संमतीची पाटी समोर आली, तर घाईने मोठ्या बटणावर बोट न ठेवता ती वाचावी. दुसऱ्याच्या संगणकावरून उठताना लॉगआउट करावे आणि कुकी पुसाव्यात.

मुलांना ही कामे मोठ्यांपेक्षा लवकर जमतात. म्हणून घरातील आजी-आजोबांच्या मोबाइलची एकदा त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोर बसून पाहणी करावी. बटण दाबण्यापूर्वी ते कशाचे आहे, हे त्यांना समजावून सांगावे. मूळ हक्क त्यांचा आहे. आपली ओळख कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. आणि जो समजून ठरवतो, त्याची फसवणूक करणे सोपे नसते.

स्वाध्याय

१. दूध संस्थेतील क्रमांकाचे पुस्तक आणि कुकी यांत कोणते साम्य आहे?
२. कुकीचा शोध कोणत्या अडचणीतून लागला?
३. बाजारातील पेढीच्या उदाहरणावरून तृतीय पक्षाच्या कुकीचे काम आपल्या शब्दांत सांगा.
४. कारणे द्या : (अ) केवळ पान बंद करणे पुरेसे नसते. (आ) सगळ्या कुकी अडवणे सोयीचे नसते.
५. ‘घराच्या दाराला कडी घरच्यांनीच लावावी लागते’ या वाक्याचा पाठाच्या आधारे अर्थ स्पष्ट करा.
६. घरातील वडीलधाऱ्यांसमवेत एखाद्या ब्राउझरची सेटिंग्ज पाहा आणि तेथे काय आढळले, ते दहा ओळींत लिहा.