आधी प्रश्न विचारणारा मिस्त्री

अगं, शेडमध्ये पूल टेबल टाकायचं ठरवलंत, ते मला मनापासून आवडलं. रांजणगावच्या कंपन्यांतून सुटलेली पोरं संध्याकाळी टेकायला जागा शोधतच असतात. जुनं टेबल स्वस्तात मिळतंय, पण कापड फाटलंय, कुशनचं रबर मेलंय आणि जावईबापूंना पॉकेटं मोठी करून हवीत. पाबळमध्ये असलं काम करणारा कोण सापडणार, ही तुझी काळजी. आता आपल्या दोघींतलं सांगते: जावईबापूंना खेळ कळतो, म्हणून टेबल कळतंच असं नाही. टेबल तू समजून घे. त्याशिवाय मिस्त्री ओळखता यायचा नाही.

पैसे देण्याआधी टेबलाखाली वाकून बघ. वरच्या कापडाखाली स्लेटचा दगड आहे की नुसतं प्लाय किंवा एमडीएफ? प्लाय-एमडीएफ असेल तर सोडून दे. पावसाळ्यात ते फुगणार, मग कितीही भारी कापड घाल, चेंडू वाकडाच जाणार. दगड असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं. मोठ्या टेबलात हा दगड बहुतेक तीन तुकड्यांत असतो, जाडी साधारण एक इंच, आणि आठ फुटी टेबलाचं वजन साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातं. म्हणून टेबल अख्खं उचलून टेम्पोत घालू देऊ नकोस. स्लेट सुटी करायची, प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर टाकायचा, फोटो काढायचे आणि तुकडे आडवे न धरता कडेवर उभे न्यायचे. आडवी स्लेट स्वतःच्याच वजनानं तडकू शकते.

आता मिस्त्री. चौकशी सुरू केलीस की पहिल्यांदा सोफ्याचं काम करणारा पुढे येईल आणि "हो ताई, करून देतो" म्हणेल. त्याचा हात चांगलाच असेल, पण त्याची सवय मऊपणाची. तो दुकानातलं मखमलीसारखं कापड आणील, कदाचित खाली पातळ फोमही घालील. पूल टेबलावर फोम म्हणजे सत्यानाश. इथलं कापड लोकरीचं, त्यात थोडं नायलॉन, आणि ते दगडावर ताणून बसवायचं. जितका ताण, तितका चेंडू वेगानं पळतो.

खरा माणूस भाव सांगण्याआधी प्रश्न विचारतो. स्लेट किती तुकड्यांत आहे? चेंडू कोणते वापरणार, पूलचे ५७ मिलिमीटरचे की स्नूकरचे साडेबावन्नचे? जमीन कशी आहे? टेबल कायम एकाच जागी राहणार का? हे न विचारता फोनवरच आकडा सांगणाऱ्याला गोड बोलून निरोप दे.

तूही त्याला तीन गोष्टी विचार. स्लेटचे सांधे कशानं भरतोस? मेण गरम करून ओततो आणि पातीनं खरवडून सपाट करतो, असं म्हणाला तर हात बसलेला आहे. सांध्याच्या दोन्ही बाजू एका पातळीत कशा आणतोस? स्पिरिट लेव्हल ठेवून खाली पाचरी किंवा पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते सरकवतो, म्हणाला तरी दचकू नकोस. जाणते लोक असंच करतात. तिसरा प्रश्न, मधल्या पॉकेटाच्या तोंडाशी कापड कसं दुमडतोस? घडी तिथंच उघडी पडते, आणि ज्यानं हे काम केलंय तो हातानं करूनच दाखवतो.

पॉकेटं मोठी करण्याबद्दल मात्र जरा दमानं घ्या. पूलच्या कोपऱ्यातल्या पॉकेटाचं तोंड साधारण साडेचार इंच असतं, स्नूकरचं त्याहून बरंच अरुंद. टेबल मुळात स्नूकरचं असेल तर नुसतं तोंड रुंद करून भागत नाही. कुशनची चेंडूला लागणारी धार चेंडूच्या व्यासाच्या साधारण ६३ टक्के उंचीवर हवी, म्हणजे पूलच्या चेंडूसाठी ३६ मिलिमीटरच्या आसपास. धार खाली राहिली तर जोराचा चेंडू उडी मारतो, वर गेली तर चेंडू दाबला जाऊन अडखळतो. म्हणून मूळ लाकडाला करवत लावण्याआधी प्लायचा साचा करून बसवून बघा. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही.

साच्यासाठी पुण्याला धावू नकोस. तुझ्याच गावात विज्ञान आश्रम आहे. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तो पाबळसारख्या दुष्काळी गावात सुरू केला, तोच मुळी हातानं काम करत शिकता यावं म्हणून. तिथं वर्षभर राहून मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती असं सगळं शिकतात. २००२ साली तिथं फॅब लॅबही आली, संगणकावर आखलेलं अचूक कापून देणारी यंत्रं असलेली. मापं कागदावर नीट मांडून घेऊन जा आणि विचार. फ्रेम मजबूत करणं, पायांना उंची जुळवायचे बोल्ट बसवणं ही कामं तिथं शिकून गावात वर्कशॉप टाकलेला एखादा पोरगाही करील. खालचा कोबा मात्र चांगल्या गवंड्याकडून पक्का करून घे. मुरूम नीट दाबलेला नसेल तर वर्षभरात एक पाय खचेल.

म्हणजे बाहेरून माणूस लागणार तो फक्त स्लेट, रबर आणि कापडासाठी. तो पुण्यात मिळेल. या खेळाशी पुण्याचं नातं जुनं आहे. १९५८ आणि १९६४ साली हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स जन्मानं पुण्याचेच. पूना क्लब, पीवायसी जिमखाना अशा ठिकाणी बिलियर्ड्सच्या खोलीत मार्कर असतो. टेबल झाडणं, इस्त्री करणं, गुण मांडणं हे त्याचं काम. मॅनेजरपेक्षा त्याला विचार, "तुमच्या टेबलांचं कापड कोण बदलतं?" बाईमाणूस कशाला आलीय म्हणून दोघं-चौघं बघतील. बघू देत. वाकून टेबलाखाली नजर टाकलीस की त्यांची नजर आपोआप बदलेल.

व्यवहार पहिल्यापासून स्पष्ट ठेव. कापड आणि रबर शक्यतो स्वतः बिल घेऊन विकत घे. कुशनचं कापडही त्याच तुकड्यातून निघायला हवं, म्हणून माप मिस्त्रीकडूनच लिहून घे. मजुरीचा काही भाग आधी, काही स्लेट समपातळीत आल्यावर आणि उरलेला खेळून बघितल्यावर. खेळून बघायचं म्हणजे काय, तर चेंडू अगदी हळू सोडायचा, लांबीनं, रुंदीनं आणि तिरका. जोराच्या चेंडूला सगळीच टेबलं सरळ वाटतात, उतार कळतो तो थांबत आलेल्या चेंडूला.

आणि शेवटचं, हे नक्की कर. पुण्याचा मिस्त्री येईल तेव्हा गावातल्या त्या वर्कशॉपवाल्या पोराला त्याच्या हाताखाली दे. त्या दिवसाची मजुरी तू भर, आणि मिस्त्रीलाही शिकवण्याचे चार पैसे वर दे. काहींना ते रुचत नाही, म्हणून हे आधीच बोलून घे. कापड पुन्हा कधीतरी बदलावं लागणारच आहे, टेबल जास्त चाललं तर लवकरच. त्या वेळी तुला पुण्याला फोन करावा लागू नये. उलट शिक्रापूर-राजगुरुनगरच्या एखाद्या मालकाला मिस्त्री हवा असेल तर त्यानं पाबळला फोन करावा.