हरारची तरसे

तरस तुम्हांला ठाऊक असेल. डोंगराकाठच्या गावांत राहणाऱ्यांना तर नक्कीच. अंगावर काळे पट्टे, पाठीवर उभे केस, पुढचे पाय उंच आणि मागचे आखूड. त्यामुळे ते लंगडत चालल्यासारखे दिसते. रात्री निघते, मेलेले ढोर खाते, माणसाची चाहूल लागली की पळते. आपल्याकडे तरसाबद्दल चांगले बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी मात्र दोन वर्षे अशा गावात राहिलो, की जिथे गावाच्या तटातूनच तरसांची वाट आहे. त्या गावाचे नाव हरार.

हरार आहे आफ्रिका खंडात, इथिओपिया नावाच्या देशात. मुंबईहून विमान थेट अदिस अबाबा या राजधानीला जाते. तेथून पूर्वेला मोटारीने सुमारे सव्वापाचशे किलोमीटर गेले की हरार लागते. वाटेत ज्वारीची शेते पाहिली आणि मला आपल्या सोलापूरची आठवण झाली. ज्वारी मूळची आफ्रिकेच्या त्याच बाजूची, बरे का!

त्या देशात शिकवायला जाणे आपल्या लोकांना नवे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, सम्राट हेले सेलासी यांच्या काळात, भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले होते. मी गेलो २०१२ साली, शास्त्र हा विषय शिकवायला.

हरारचे जुने गाव तटाच्या आत आहे. तट म्हणजे गावाभोवतीची दगडी भिंत. तिला तेथे जुगोल म्हणतात. आत अरुंद गल्ल्या आणि ८२ मशिदी. २००६ साली या गावाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पूर्वी रात्री तटाचे दरवाजे बंद होत. पण भिंतीच्या पायथ्याशी बुटकी भोके आहेत. त्यांतून पावसाचे पाणी बाहेर जाते आणि रात्री तरस आत येते.

मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या बाईंनी पहिल्याच दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, "मास्तर, वाटेत तरस भेटलं तर पळू नका. दगड मारू नका. त्याला त्याच्या कामाला जाऊ द्या."

दुसऱ्याच आठवड्यात गाठ पडली. मी एका शिक्षकाच्या घरी जेवायला गेलो होतो. निघायला रात्रीचे दहा वाजले. वीज गेलेली. त्यांनी आपला बारा वर्षांचा मुलगा बॅटरी देऊन माझ्याबरोबर पाठवला. गल्ली एवढी अरुंद, की दोन माणसे जेमतेम शेजारून जातील. वळणावर बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. मला वाटले, कुत्रे असेल. पण ते पुढे आले तेव्हा त्याची मान दिसली. केवढी जाड मान! माझा हात मुलाने ओढला.

"टीचर, भिंतीला लागून उभे राहा. ते जाईल पुढं."

आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. ते जनावर माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. त्याच्या अंगाचा उग्र दर्प आला. त्याने आमच्याकडे मान वळवूनही पाहिले नाही. पुढे उकिरडा होता, तिकडे ते गेले आणि कडकड हाड फोडल्याचा आवाज आला. मुलगा म्हणाला, "वराबा." आपल्याकडचे पोर 'म्हैस आहे' म्हणेल ना, तशा सुरात. माझे पाय मात्र घरी पोचेपर्यंत लटपटत होते.

हे तरस आपल्या तरसाहून वेगळे. याच्या अंगावर पट्टे नसतात, ठिपके असतात. अंगानेही ते मोठे. वजन पन्नास-साठ किलोपर्यंत सहज भरते. यांचा कळप असतो आणि कळपात राज्य माद्यांचे! मादी नरापेक्षा मोठी असते आणि खाण्यावर पहिला हक्क तिचा. ते हसल्यासारखा आवाज काढते, पण ते हसू नव्हे. चिडले, घाबरले, खाण्यावरून झोंबाझोंबी झाली, की तो आवाज निघतो. त्याचा जबडा असा, की बैलाचे हाडसुद्धा फोडून पचवते. त्यामुळे त्याची विष्ठा खडूसारखी पांढरी असते. दुसऱ्याची शिकार चोरणारे प्राणी अशी त्याची ख्याती. पण १९६० नंतर टांझानियात हान्स क्रुक या शास्त्रज्ञाने रात्र रात्र जागून पाहिले, तर हे ठिपकेवाले तरस स्वतः शिकार करते आणि पुष्कळदा सिंहच ती हिसकावून घेतो, असे आढळले.

हरारमध्ये तटाबाहेर एक माणूस रोज रात्री तरसांना मांस चारतो. गेल्या शतकाच्या मध्यापासून हे चालू आहे. तो त्यांना नावाने हाका मारतो. ती अंधारातून एक एक करून येतात. काठीला मांस लावून काठी तो तोंडात धरतो आणि तरस अलगद मांस उचलते. पाहायला परदेशी पाहुणे येतात, पैसे देतात. मलाही काठी दिली. मी ती धरली, पण हातात! तोंडात धरायची माझी छाती झाली नाही.

याहून जुनी चाल आहे ती मोहरमच्या दहाव्या दिवसाची. त्या रात्री लोणी घातलेली लापशी तरसांपुढे ठेवतात. अर्ध्याहून जास्त खाल्ली तर वर्ष चांगले. शिवली नाहीत किंवा सगळी फस्त केली, तर दुष्काळ. एका जुन्या दुष्काळात तरसे माणसांवर येऊ लागली, तेव्हा लापशी देऊन समेट केला, असे म्हातारे सांगतात. तरस भुते खाते, असेही म्हणतात. भुतांचे राहू द्या. कसायांनी टाकलेली हाडे सकाळी गायब झालेली मी स्वतः पाहत होतो. तिथल्या मटणबाजारात घारीही अशाच धीट. एकदा माझ्या पिशवीवर अशी झडप पडली, की अर्धा किलो मांस आकाशात!

तरसे केवढे काम करतात, याचा हिशेबही झाला आहे. त्याच देशात मेकेले नावाचे शहर आहे. तेथील तरसे वर्षाला सुमारे २०७ टन मेलेली जनावरे आणि मांसाचा कचरा खातात, असे २०२१ सालच्या एका अभ्यासात निघाले. तो कचरा कुजला असता तर फाशी रोग आणि क्षय जनावरांत व माणसांत पसरला असता.

आपल्याकडे हे काम गिधाडे करीत. आठवते ना? ढोर मेले की तासाभरात आकाशात घिरट्या सुरू. १९९० नंतर ती भराभर मेली. ढोरांना टोचायचे डायक्लोफिनॅक नावाचे औषध मढ्यातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर सरकारने बंदी घातली. पण गेलेली गिधाडे काही लगेच परत येत नाहीत. आता गावाबाहेर मढ्यावर मोकाट कुत्री दिसतात.

यातले बरेचसे मी वर्गात मोठ्या हौसेने सांगत होतो. तरस उपयोगी की उपद्रवी, यावर मुलांना दहा वाक्ये लिहायला दिली होती. शहरातल्या बहुतेक मुलांनी 'उपयोगी' लिहिले. मागच्या बाकावर खेड्यातून आलेला एक मुलगा होता. तो उभा राहिला.

"टीचर, यांना शहरात फुकट हाडं मिळतात, म्हणून तरसं शहाणी. आमच्याकडं गोठ्यात शिरून गाढव फाडलं. वडील त्याच गाढवावर लाकडं आणायचे. गाढवाचे पैसे कोण देणार?"

वर्ग गप्प झाला. मी त्याला आमच्याकडची रीत सांगितली. महाराष्ट्रात वाघ, बिबट्या, लांडगा, तरस यांनी गाय-म्हैस, शेळी-मेंढी मारली, तर सरकार भरपाई देते. मात्र मेलेले जनावर जागचे हलवायचे नाही. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या कचेरीत कळवायचे. मग माणसे येऊन पंचनामा करतात, आणि अर्ज पुढे जातो.

मुलाने सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, "आणि टीचर, पैसे किती दिवसांत मिळतात?"

मी म्हटले, "ते मात्र गावोगाव वेगळं आहे."

सगळा वर्ग हसला. तो मुलगाही हसला, आणि खाली बसून त्याने आपल्या दहा वाक्यांत 'उपद्रवी' या शब्दाखाली आणखी एक रेघ ओढली.