ई२० पेट्रोल, ऑक्टेन आणि टर्बो गाडी : मुलांना कसं समजावून सांगायचं?



आपलं वैशाखरे कल्याण-नगर रस्त्यावर. पावसाळा लागला की शनिवार-रविवार माळशेजला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या टर्बो गाड्या मुलं आवाजावरून ओळखतात. रील बघून मुलं दोन उलट गोष्टी एका दमात सांगतात. एक, इथेनॉल टाकलं की गाडी रॉकेटसारखी पळते. दोन, इथेनॉलने ॲव्हरेज पडतं आणि इंजिन खराब होतं. दोन्हींत थोडं खरं आहे. ते कुठे खरं आणि कुठे नाही, हे पाचवी ते आठवीच्या मुलांना सांगता येतं. घरी पालकांनाही सांगता येईल, कारण पंपावर पैसे त्यांचेच जातात.

आधी इथेनॉल म्हणजे काय? मुलं लगेच विचारतात, "म्हणजे गाडी दारू पिते का?" प्रश्न टाळू नका. आपल्या भागात मोहाची दारू मुलांना माहीत असते. पदार्थ तोच, अल्कोहोल. फक्त इंधनासाठी त्यातलं पाणी जवळजवळ पूर्ण काढलेलं असतं आणि ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात दुसरी द्रव्यं मिसळलेली असतात. म्हणजे पिणं जीवघेणं, हेही तिथेच स्पष्ट सांगा. आपल्याकडे भात, नाचणी, वरई. पण माळशेज चढून जुन्नर तालुक्यात उतरलं की ऊस दिसतो. त्या उसाचा रस, साखर काढून उरलेली मळी, शिवाय मका आणि तुटका तांदूळ, यांपासून इथेनॉल तयार होतं.

देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये काही राज्यांपासून सुरुवात झाली. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला, ६ फेब्रुवारी २०२३ ला ई२० विक्रीची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्के झालं. ई२० म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. शेकडेवारीचा धडा इथेच सुरू होतो.

आता फळ्यावर दोन आकडे लिहा. एक लिटर पेट्रोल जाळलं तर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉल जाळलं तर साधारण २१. मुलांना विचारा, ५ लिटर ई२० मध्ये किती? ४ लिटर पेट्रोलचे १२८, १ लिटर इथेनॉलचे २१, मिळून १४९. निव्वळ पेट्रोल असतं तर १६०. घट ११, म्हणजे जवळजवळ ७ टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या बांधणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज दिला आहे, दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के. मुलांनी वहीत केलेलं गणित सरकारी अहवालाच्या जवळ येतं, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मात्र ॲव्हरेज निम्म्यावर आलं असं कुणी म्हणत असेल, तर कारण दुसरीकडे शोधा. टायरमधली हवा, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर.

मग रॉकेटची गोष्ट कुठून आली? इथे ऑक्टेन समजून घ्यावं लागतं. बहुतेक मोठी माणसंसुद्धा ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद समजतात. तसं नाही. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती. इंजिनात स्पार्क पडला की ज्योत एका बाजूने दुसरीकडे सरकत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. चढावर वरच्या गिअरमध्ये बाईक दामटली की जो टक् टक् आवाज येतो, तो बऱ्याचदा हाच.

वर्गात हे करून दाखवा. वीस मुलांची एक रांग. पहिल्याने टाळी वाजवायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. टाळी क्रमाने शेवटपर्यंत गेली की चांगलं इंधन. आता मागच्या पाच जणांच्या कानात सांगा की तुम्ही मध्येच एकदम टाळ्या पिटा. झालं नॉकिंग! पंधरा मिनिटं दंगा होतो, पण ऑक्टेन जन्मभर लक्षात राहतं. जास्त ऑक्टेन म्हणजे मागची मुलं धीर धरून उभी राहतात. आपल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१ होतं, ई२० साठी किमान ९५ ठरवलेलं आहे, आणि शुद्ध इथेनॉलचं १०८ च्या आसपास.

टर्बोसाठी सायकलचा पंप आणा. पंपाचं तोंड बोटाने दाबून भराभर हवा मारली की नळी गरम लागते. टर्बो हेच करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते जास्त हवा कोंबतं. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद वाढते. पण दाब आणि उष्णताही वाढते, म्हणजे नॉकिंगचा धोका. चाकणला बनलेल्या पोलो, टायगुन, व्हर्टस या गाड्यांत टीएसआय नावाची जी पेट्रोल इंजिनं आहेत, ती टर्बोच.

आता हातावर सॅनिटायझरचा एक थेंब घ्यायला सांगा. गार लागतं ना? अल्कोहोल उडून जाताना उष्णता ओढून घेतं. इंजिनातही इथेनॉल आत येणारी हवा गार करतं. शिवाय नॉकिंग सहन करतं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंमतीची वाटते. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त जाळता येतं आणि मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच येते. इंजिनाची मर्यादा हवेची असते, टाकीची नव्हे. म्हणून टर्बोचा दाब वाढवून, मोठे इंजेक्टर बसवून, संगणकातली मापं बदलून शर्यतीच्या गाड्या इथेनॉलवर जास्त ताकद काढतात. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतीत २००७ पासून इथेनॉल वापरतात. २०१२ पासून तिथे २.२ लिटरची टर्बो इंजिनं आणि ई८५ आलं. फॉर्म्युला वनमध्ये २०२२ मध्ये १० टक्के इथेनॉल आलं. किंमत एकच, तहान. ई८५ ला पेट्रोलपेक्षा साधारण ४० टक्के जास्त इंधन लागतं. वरच्याच पद्धतीने आठवीच्या मुलांना हे काढायला द्या, येतं.

म्हणून एक वाक्य ठळक लिहून द्यावं असं मला वाटतं : ऑक्टेनचा फायदा तेच इंजिन घेतं, जे त्यासाठी बांधलेलं किंवा जुळवलेलं आहे. शंभर सीसीच्या बाईकमध्ये महागडं ९९ किंवा १०० ऑक्टेन पेट्रोल टाकून काही मिळत नाही, पैसे मात्र जातात. ते पैसे सर्व्हिसिंगला वापरा.

यापेक्षा काळजीची गोष्ट वेगळी आहे. रील बघून मोठी मुलं बाटलीतलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर टाकीत ओतायचा विचार बोलून दाखवतात. त्यांना स्पष्ट सांगा. त्यात पाणी असतं. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला मग तळातलं तेच मिळतं. इथेनॉल जास्त आणि इंधनाचं माप जुनंच राहिलं, तर मिश्रण पातळ पडतं, आणि टर्बो गाडीत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शुद्ध इथेनॉलची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. ओतताना पेट घेतला तर कळायला उशीर होतो.

आपल्या पावसाळ्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. जुनी बाईक महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नका आणि झाकणाचं रबर बघा. २०२३ पूर्वीच्या गाडीची पेट्रोलची नळी आणि वायसर फुगलेत का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ई२० सोसतील असे दिलेले आहेत. टर्बो कार असेल तर गाडीची पुस्तिका आणि टाकीच्या झाकणाआतला स्टिकर वाचा, तिथे ई१० की ई२० ते लिहिलेलं असतं.

वरच्या वर्गात वादासाठी एक विषयही आहे. २०२३ ला पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, नंतर ती सैल केली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठवली. गाडीला आधी की ताटाला आधी, यावर मुलांना दोन गट करून बोलू द्या. शिक्षकाने मधे पडू नये.

शेवटी सातवीसाठी एक गणित. इंडियन ऑइलने मार्च २०२४ मध्ये 'इथेनॉल १००' नावाचं इंधन काही पंपांवर आणलं, त्यात साधारण ९३ टक्के इथेनॉल असतं. हे फक्त त्यासाठी बनवलेल्या फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी. अशा गाडीच्या ४० लिटरच्या टाकीत २० लिटर ई२० आहे. वरून २० लिटर 'इथेनॉल १००' भरलं, तर टाकीत इथेनॉल किती टक्के? उत्तर ५६.५ येतं. आधी ४ लिटर, मग १८.६ लिटर, मिळून २२.६. फ्लेक्स-फ्युएल गाडी हे प्रमाण स्वतः ओळखून इंधनाचं माप बदलते. आपल्या मुलांना ते वहीत करू द्या.